टिपक्याची चारही पावले

पडद्यावर टिपक्या उभा आहे. मान वर, पुढचे पाय सरळ, पाठ सपाट, नजर समोर. सगळे जमून आले आहे, फक्त शेपटी अजून हलते आहे. शेपटी खाली झुकली की मागच्या पायाची रेषा तिच्याआड जाते आणि फार वर चढली की तो खेळायला निघालेला कुत्रा वाटतो. मला हवी आहे ती या दोन टोकांच्या मधली अवस्था, जिच्यात शेपटी पाठीच्या रेषेतूनच सहज पुढे निघाल्यासारखी दिसते. ती अवस्था पडद्यावर क्षणभरही टिकत नाही. माझे एक बोट प्रिंट स्क्रीनच्या कळीवर आहे, दुसऱ्या हातातल्या माउसने मी टिपक्याच्या नाकासमोर हाडूक धरून ठेवले आहे, आणि गेला पाऊण तास आम्ही दोघे या एका चित्रासाठी झटत आहोत.

टिपक्या डाल्मेशियन आहे आणि तो ‘पेट्झ’ या खेळात राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीएफ मॅजिक या कंपनीने १९९५ मध्ये ‘डॉग्झ’ हा संगणकावर पाळायचा कुत्रा बाजारात आणला, पाठोपाठ १९९६ मध्ये ‘कॅट्झ’ आले, आणि १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून या प्राण्यांना पिल्लेही होऊ लागली. पुढे हा खेळ युबीसॉफ्टकडे गेला आणि पाचवी आवृत्ती त्यांनी काढली. इतक्या वर्षांनंतरही त्या जुन्या आवृत्त्या नव्या संगणकांवर खटपटी करून चालवणारे, वंशावळी राखणारे आणि आपापल्या कुत्र्यांना ऑनलाइन शोमध्ये उतरवणारे लोक आहेत, आणि मी त्यांपैकी एक आहे. या खेळातला प्राणी उपाशी राहिला तर कुरकुरतो, फार छळ झाला तर पळून जातो, पण मरत नाही. त्यामुळे एकाच कुत्र्याबरोबर वर्षानुवर्षे काम करता येते, आणि पोझचे काम समजायला तेवढा काळ लागतोच.

पोझ शो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. स्पर्धक आपल्या कुत्र्याचे खेळातच टिपलेले चित्र पाठवतो, परीक्षक ती सगळी चित्रे शेजारी ठेवून पाहतो आणि क्रम लावतो. क्रमानुसार गुण मिळतात, गुण साठत गेले की किताब मिळतो, आणि तो किताब कुत्र्याच्या नोंदणीकृत नावाला कायमचा जोडला जातो. कोणती पोझ हवी, पार्श्वभूमी कशी असावी, चित्राला किती हात लावलेला चालेल, हे प्रत्येक आयोजक आपापल्या नियमांत लिहून ठेवतो. कुठे बसलेला कुत्रा मागतात, कुठे झोपलेला, कुठे हवेत झेप घेतलेला. पण मला सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर वाटते ती साधी, बाजूने घेतलेली, चार पायांवर उभी असलेली पोझ.

या पोझला खऱ्या डॉग शोमध्ये ‘स्टॅक’ म्हणतात. अमेरिकेतला वेस्टमिन्स्टरचा शो १८७७ पासून आणि ब्रिटनमधला क्रफ्ट्स १८९१ पासून भरतो आहे, आणि तिथे रिंगणात कुत्रा ज्या पद्धतीने उभा केला जातो त्यामागे निव्वळ शोभेपलीकडचे कारण आहे. पुढचे पाय जमिनीला काटकोनात खाली उतरले, मागच्या पायाचा घोट्याखालचा भाग उभा सरळ राहिला आणि वजन चारही पावलांवर सारखे पडले, की कुत्र्याची हाडामांसाची बांधणी जशी आहे तशी दिसते. खांदा किती तिरका आहे, पाठ मध्ये झोळ खाते की नाही, मागचा भाग पुढच्या भागाला साजेसा आहे की नाही, हे परीक्षकाला अशा उभे राहण्यातून वाचता येते. हँडलर, म्हणजे रिंगणात कुत्र्याला सांभाळणारा माणूस, कधी एकेक पाय हाताने उचलून जागेवर ठेवतो, तर कधी खाऊच्या आमिषाने कुत्र्याला आपल्या आपण नीट उभे राहायला लावतो. आमच्या खेळात पहिला मार्ग बंद आहे. माउसने कुत्रा उचलता येतो, कुरवाळता येतो, पण त्याचा एखादा पाय धरून दोन अंगुळे मागे ठेवता येत नाही. आपल्या हाती उरतो तो फक्त दुसरा मार्ग, आणि म्हणूनच पडद्यावरच्या कुत्र्यालाही आधी ओळखावे लागते, मग उभे करता येते, असे माझे ठाम मत झाले आहे.

पेट्झमधला प्राणी गोलांचा बनलेला असतो. डोक्याचे गोल, छातीचे गोल, पायाच्या प्रत्येक सांध्याचे गोल, आणि त्यांना जोडणाऱ्या जाड रेषा. शेपटी म्हणजे गोलांची माळ. टिपक्याचे ठिपकेसुद्धा अंगावर चिकटवलेले छोटे रंगीत गोलच आहेत, आणि तो वळला की तेही त्याच्याबरोबर वळतात. हे गोल सतत हलत असतात. कुत्रा नुसता उभा आहे असे आपल्याला वाटते तेव्हाही तो श्वास घेतो, पापणी मिटतो, कान हलवतो, खेळात हातासारख्या दिसणाऱ्या आपल्या कर्सरकडे डोळे वळवतो. त्यामुळे चांगली पोझ कुत्रा धरून ठेवत नाही. दोन हालचालींच्या मधून जाताना ती क्षणभर दिसते, आणि त्या क्षणी आपण तिथे असावे लागते.

नजर कर्सरच्या मागे जाते, हे पोझच्या कामातले पहिले आणि मोठे साधन आहे. कर्सर कुत्र्याच्या डोक्याच्या पातळीपेक्षा किंचित वर आणि पुढे ठेवला की मान आपोआप उंचावते. त्याच ठिकाणी हाडूक धरले तर मान उंचावतेच, शिवाय कानही सावध होतात. पण हाडूक फार जवळ नेले तर तो झेप घेतो, फार दूर ठेवले तर चालू लागतो. टिपक्याच्या बाबतीत ते अंतर त्याच्या डोक्याच्या लांबीच्या साधारण दुप्पट आहे. हे मला मोजून नव्हे तर असंख्य फसलेल्या चित्रांवरून कळले आहे. त्याचे पोट भरलेले असेल तर हेच अंतर निम्म्यावर आणावे लागते, कारण हाडकाचे त्याला फारसे काही वाटत नाही. आणि तो खूप भुकेला असेल तर पोझचे नावच काढू नये. आधी जेवू घालावे, थोडे खेळू द्यावे, आणि खेळून झाल्यावर तो जेव्हा पडद्याच्या कडेला येऊन इकडेतिकडे पाहत उभा राहतो तेव्हा काम सुरू करावे.

माझी ग्रेट डेन सावळी हिच्या बाबतीत यातले काहीच लागू पडत नाही. ती भित्री आहे. तिच्यासमोर काहीही एकदम आणले की ती मागे सरकते, मागे सरकताना मागचे पाय पोटाखाली घेते, आणि तिची लांब, देखणी बांधणी आखडून जाते. पहिले कित्येक महिने माझ्याजवळ तिची फक्त आखडलेली चित्रे होती. पाण्याची फवारणी करायची बाटली खेळात असते आणि नको ती सवय मोडायला ती वापरतात, परंतु सावळीवर मी ती एकदा वापरली आणि त्यानंतर बराच काळ ती हात दिसताच कान पाडायची, त्याचे मला आजही वाईट वाटते. उपाय निघाला तो अगदी साधा. तिला काहीही न दाखवता, फक्त पाठीवरून हात फिरवायचा, मग हात हळूहळू पुढे नेत पडद्याच्या उजव्या कडेला न्यायचा आणि तिथेच ठेवायचा. आताच कुरवाळणारा हात कुठे गेला म्हणून ती त्या दिशेने मान लांबवून बघते, आणि त्या बघण्यात तिचे अंग मोकळे सुटते. त्याच क्षणी कळ दाबायची. तिच्या संग्रहातली सगळी चांगली चित्रे अशी कुरवाळल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांतली आहेत.

खाऊचा दुसरा उपयोग शिकवण्यासाठी होतो. एखादी कृती केल्याबरोबर खाऊ मिळाला की ती कृती पुन्हा करण्याकडे या कुत्र्यांचा कल वाढतो. म्हणून मी चित्र टिपल्यावर नव्हे, तर कुत्रा नीट उभा राहताच खाऊ देते, मग चित्र मिळो वा न मिळो. कित्येकजण उलटे करतात. चित्र हाती लागेपर्यंत खाऊ नाचवत ठेवतात आणि मग तो परत कपाटात ठेवून देतात. अशाने कुत्रा उड्या मारायला शिकतो, आणि तीच मंडळी पुढे तक्रार करतात की आपला कुत्रा शांत उभाच राहत नाही.

आता बाजूच्या पोझमधल्या एका गोष्टीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तिच्यापायी मी एक शो गमावला आहे. कुत्रा बाजूने उभा असला की पलीकडचे दोन पाय अलीकडच्या दोन पायांच्या मागे जातात. ते पूर्ण झाकले गेले तर कुत्रा दोन पायांवर उभा असल्यासारखा दिसतो, आणि एकच झाकला गेला तर तीन पायांवर. टिपक्याच्या पहिल्या मोठ्या शोसाठी मी पाठवलेल्या चित्रात मान, पाठ, शेपटी सगळे माझ्या मनासारखे होते. परीक्षकाने मोजक्या शब्दांत लिहिले होते की कुत्रा देखणा आहे, परंतु पलीकडचा मागचा पाय दिसत नसल्यामुळे मागच्या भागाविषयी काहीच सांगता येत नाही. मी चित्र पुन्हा उघडून पाहिले. त्या पायाचा एक बिंदूसुद्धा दिसत नव्हता, आणि ते चित्र मी रोज पाहत आले होते. आपल्या कुत्र्याला चार पाय आहेत हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून चित्रात तीनच असले तरी आपला डोळा चौथा भरून काढतो. तेव्हापासून प्रत्येक चित्र पाठवण्यापूर्वी मी पडद्याला बोट लावून पावले मोजते. पलीकडचा पुढचा पाय अलीकडच्या पायापेक्षा किंचित पुढे आणि पलीकडचा मागचा पाय किंचित आत, अशी मांडणी मिळाली तर चारही पाय दिसतात आणि बांधणीही बिघडत नाही.

दुसरी तपासणी डोळ्यांची. कुत्रा खरोखर बाजूने उभा आहे की थोडा आपल्याकडे वळला आहे, हे धडावरून चटकन ओळखू येत नाही, पण धड किंचित जरी वळले तरी ते आखूड दिसते आणि लांब अंगाच्या डॅक्सहुंडसारख्या कुत्र्याचे तर रूपच बदलते. मान धडाच्या रेषेत असताना एकच डोळा दिसला पाहिजे. दुसऱ्या डोळ्याची कड जरी डोकावली तरी मी ते चित्र बाजूला ठेवते. शीपडॉगचे डोळे केसांआड असतात, तिथे हा उपाय चालत नाही. माझ्या कापूससाठी मी नाकाच्या गोलाकडे पाहते. नाक चेहऱ्याच्या बाह्यरेषेवर अगदी टोकाला आले म्हणजे तो बाजूने उभा आहे. काळ्या स्कॉटीची, म्हणजे स्कॉटिश टेरियरची, अडचण निराळीच. माझी काजळ सबंध काळी, त्यामुळे तिचा अलीकडचा पाय आणि पोट यांच्यातली रेषाच हरवते. तिच्यासाठी पोझ निवडताना पोटाखाली पार्श्वभूमीचा स्वच्छ त्रिकोण दिसतो आहे ना, एवढेच मी पाहते, कारण काळ्या कुत्र्याची बांधणी बाह्यरेषेतूनच वाचावी लागते.

पार्श्वभूमीसाठी माझी पद्धत अशी आहे की खेळातल्या सजवलेल्या खोल्या वापरायच्याच नाहीत. हे कुत्रे खेळाच्या चौकटीतून बाहेर संगणकाच्या डेस्कटॉपवर येऊ शकतात. म्हणून डेस्कटॉपला एकच सपाट रंग द्यायचा, सगळी चिन्हे लपवायची आणि कुत्र्याला तिथे बोलवायचे. रंग असा निवडावा जो कुत्र्याच्या अंगावर कुठेही नाही, म्हणजे नंतर पार्श्वभूमी काढून टाकताना पोटाचा पांढरा भाग किंवा डोळ्यातली चमक तिच्याबरोबर निघून जात नाही. चित्र साठवताना जेपीईजी हा फाइलप्रकार टाळावा, यावर मी फार आग्रही आहे. हे जुने खेळ २५६ रंगांत चालतात, त्यांच्या रेषा करकरीत आणि रंग सपाट असतात. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे (पिक्सेलचे) चौकोन पाडून त्यांतला बारकावा उणा करते, आणि नेमका बाह्यरेषेभोवती मळकट धुरळा उठतो. टिपक्याचे ठिपके त्यात फेसाळल्यासारखे दिसतात. पीएनजी किंवा जीआयएफ एकही बिंदू न बदलता हे चित्र जसेच्या तसे ठेवतात. तसेच चित्र मोठे करू नये. परीक्षकाला मूळ आकाराचे चित्र पाहण्याचा सराव असतो, आणि ताणून मोठे केलेल्या चित्रात त्याला कुत्र्याऐवजी पुसट कडा दिसतात.

चित्र दुरुस्त करण्याबद्दल मला काय वाटते तेही इथेच लिहून टाकते. पार्श्वभूमी काढणे बहुतेक ठिकाणी चालते आणि चालावेही. पण झाकलेला पाय रंगवून काढणे, झुकलेली पाठ दोन बिंदूंनी उचलणे, मिटलेला डोळा दुसऱ्या चित्रातून आणून बसवणे, या गोष्टी नियमांत स्पष्ट मनाई नसली तरी करू नयेत. पडद्यावरचा कुत्रा आहे, त्यात खरे-खोटे ते काय, असे मला एका नवख्या स्पर्धकाने विचारले होते. माझे उत्तर असे होते की या कुत्र्याची बांधणी कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या पिल्ले काढून मिळवलेली असते. पायांची लांबी, धडाची लांबी, तोंडाची लांबी, पावलांचा आकार, हे सगळे प्रत्येक प्राण्याच्या फाइलमध्ये आकड्यांच्या रूपाने असते, आणि आईबापांकडून पिल्लांत मिसळत जाते. सावळी आणि टिपक्या यांच्या पिल्लांत एकाला डेनचे उंच पाय आणि डाल्मेशियनचे ठिपके मिळाले, दुसऱ्याला नेमके उलटे. ती उंच ठिपकेदार पिल्ली वाढून उभी राहिली तेव्हा तिचे पाय तसेच दिसले पाहिजेत जसे ते आहेत. तेच रंगवून मिळवायचे असेल तर मग पिल्ले काढण्याचा एवढा व्याप कशासाठी करायचा?

हौशी लोकांनी फाइली बदलून तयार केलेल्या नव्या जातींचे वर्ग वेगळे असतात, आणि तिथे मला पोझची एक वेगळीच मौज सापडली. खऱ्या शोमध्ये बहुतेक जाती चारही पाय चौरस ठेवून उभ्या करतात, पण जर्मन शेफर्डचा एक मागचा पाय पोटाखाली पुढे आणि दुसरा मागे ताणलेला ठेवतात. खेळाच्या मूळ जातींत जर्मन शेफर्ड नाही. कुणीतरी मेहनतीने बनवलेला एक शेफर्ड मी दत्तक घेतला आणि त्याला चौरस उभा करायला निघाले, तर ते उभे राहणे त्याला काही शोभेचना. एकदा चालता चालता थांबतानाचे त्याचे चित्र चुकून टिपले गेले. एक मागचा पाय पुढे आलेला, एक अजून मागे राहिलेला. ते पाहताच समजले की याची पोझ चालण्याच्या शेवटच्या पावलात आहे, स्थिर उभे राहण्यात नाही. आता त्याच्यासाठी मी चेंडू हळूच सरपटत पुढे नेते आणि अचानक थांबवते.

पिल्लांच्या वर्गाविषयी इतकेच सांगते की पिल्लाला पोझ शिकवू नये. त्याचे डोके मोठे, पाय तोकडे आणि हालचाल अखंड असते, आणि परीक्षकालाही तिथे बांधणीपेक्षा चैतन्यच पाहायचे असते. पिल्लाला खेळू द्यावे, भरपूर चित्रे टिपावीत आणि त्यातले एक निवडावे.

हे सगळे लिहीपर्यंत टिपक्या डेस्कटॉपवरच होता. मधे एकदा तो बसला, एकदा जांभई दिली, आणि मग पुन्हा उठून माझ्या हाताकडे पाहत उभा राहिला. मी हाडूक त्याच्या नाकापासून दोन डोक्यांच्या अंतरावर नेले. मान वर गेली. शेपटी डावीकडून परत येताना एक क्षण पाठीच्या रेषेत आली आणि मी कळ दाबली. चित्र उघडून पाहिले. एकच डोळा, नाक टोकाला, पोटाखाली निळ्या रंगाचा स्वच्छ त्रिकोण. पडद्याला बोट लावून पावले मोजली. एक, दोन, तीन, आणि पलीकडच्या मागच्या पायाचे, ठिपक्यासकट, चौथे. मग मी हाडूक सोडले, आणि तो ते तोंडात धरून पडद्याच्या कडेला जाऊन बसला.